बेसिन मिक्सर

बेसिन मिक्सर : हात-तोंड धुण्याच्या बेसिनवर बसवलेला, गरम व थंड पाणी आतल्या आत मिसळून एकाच तोंडातून सोडणारा नळ. दोन चाव्यांचा आणि एका दांडीचा (सिंगल लिव्हर) असे त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. फक्त थंड पाण्याच्या उभ्या नळाला बाजारात पिलर कॉक म्हणतात. त्याचा विचार येथे केलेला नाही. प्रस्तुत नोंद मिक्सरचे मूळ, त्याची रचना आणि घरच्या घरी तो बदलण्याची रीत यांपुरती आहे.

संज्ञा : ‘नळ’ हा शब्द संस्कृत ‘नड’ किंवा ‘नल’ म्हणजे बोरू, पोकळ वेत, यावरून आला. मराठीत तो आधी पाणी वाहून नेणाऱ्या नळीला लागला (खापरी नळ, नळकांडे) आणि नंतर नळीच्या टोकाच्या झडपेलाही. ‘तोटी’ची व्युत्पत्ती तितकी स्पष्ट नाही. संस्कृत ‘त्रोटि’ म्हणजे चोच, आणि आकाराच्या साम्यामुळे तो संबंध पटण्याजोगा वाटतो. पण हिंदी ‘टोंटी’ही जवळची आहे, त्यामुळे दोन्हींच्या मागे एखादे देशी रूप असण्याची शक्यता सोडून देता येत नाही. दक्षिण महाराष्ट्रात नळाला ‘चावी’ही म्हणतात. मिक्सरसाठी वेगळा मराठी शब्द रुळला नाही. मात्र त्याच्या क्रियेला जुना आणि नेमका शब्द आहे : विसण. बंबातल्या कढत पाण्यात घालायचे थंड पाणी म्हणजे विसण. घंगाळात हाताने होणारे हेच काम मिक्सर नळाच्या पोटात करतो.

मूळ : मिक्सरच्या शोधाचे श्रेय अनेकांना दिले जाते. त्यातला बराचसा गोंधळ दोन वेगळ्या गोष्टी एक मानल्याने झाला आहे. दोन पाणी एका तोटीत आणणे ही एक गोष्ट. उष्णता आणि धार दोन्ही एकाच हालचालीने आवरणे ही दुसरी. पहिलीचे श्रेय सहसा कॅनडातील सेंट जॉन गावच्या टॉमस कॅम्पबेल यांच्या १८८० च्या सुमाराच्या पेटंटला दिले जाते. दुसरीचे श्रेय आल्फ्रेड मोएन या अमेरिकन अभियंत्याला. १९३७ मध्ये विद्यार्थी असताना दोन चाव्यांच्या नळातून अचानक कढत पाणी आल्याने हात पोळला आणि त्यातून कल्पना सुचली, असे ते सांगत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पितळ मिळेना म्हणून उत्पादन रखडले. पहिले नळ १९४७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत विकले गेले. लँडिस पेरी यांची गोळ्याची झडप (आतला गोळा फिरवून पाणी आवरणारी) याच सुमाराची. तिचे हक्क घेऊन स्मर्ना (आजचे तुर्कस्तानातील इझमिर) येथे जन्मलेले आर्मेनियन उद्योजक ॲलेक्स मनूगियन यांनी १९५४ मध्ये डेल्टा नळ बाजारात आणला. आतल्या भागाचा आकार ग्रीक डेल्टा अक्षरासारखा, म्हणून ते नाव. ‘मिक्सर मोएन यांनी शोधला’ हे विधान एका दांडीच्या मिक्सरपुरते ग्राह्य धरावे, त्यापलीकडे नेऊ नये. आज सर्वत्र दिसणारी सिरॅमिक चकतीची झडप या तिघांच्याही रचनेहून वेगळी आहे. तिचा प्रसार साधारणतः १९७० नंतरचा असून तिला एकच जनक देणे कठीण दिसते. या साऱ्यांच्या आधीचा टप्पा म्हणजे इंग्लंडमधील रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या ओतशाळेचा फिरकीने दाबून बंद होणारा नळ (१८४५). वायसर बदलावा लागतो तो प्रत्येक नळ त्याचाच वंशज.

गरम पाणी डावीकडे हा संकेत कुठून आला याबद्दलही एकमत नाही. आधी थंड पाण्याचाच नळ असे, तो उजव्या हाताला सोयीचा म्हणून उजवीकडे बसे, आणि गरम नळ नंतर उरलेल्या जागी आला, हे स्पष्टीकरण त्यातल्या त्यात सरळ वाटते.

रचना : अंग पितळेचे, वर निकेल व क्रोमचा मुलामा. दांडीखाली साधारणतः ३५ किंवा ४० मिमी व्यासाचे कार्ट्रिज असते. त्यात ॲल्युमिनाच्या (एका कठीण सिरॅमिकच्या) दोन अतिशय गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. खालची स्थिर, तिला तीन भोके : गरम, थंड आणि बाहेर जाणारे पाणी. वरचीला खळगा. दांडी उचलली की भोके उघडतात, फिरवली की दोन पाण्यांचे प्रमाण बदलते. तोंडाशी जाळी (एरेटर) असते. ती धारेत हवा मिसळते. तोटीतून टिपटिप होत असेल तर दोष बहुधा कार्ट्रिजचा असतो आणि तेवढेच बदलून भागते. पूर्ण मिक्सर काढावा लागतो तो अंगाला चीर गेली, मुलामा उडून पितळ खाल्ले गेले किंवा त्या मापाचे कार्ट्रिज मिळेनासे झाले तर. हे तपासल्याशिवाय नवा मिक्सर आणू नये.

आटे : नळकामातली बहुतेक गळती आट्यांशी निगडित असते, म्हणून हा भाग सविस्तर देणे भाग आहे. भारतात नळांचे आटे ब्रिटिश पाइप मापाचे आहेत. ‘अर्ध्या इंची’ आट्याचा बाहेरचा व्यास अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी नसून २०.९५५ मिमी असतो, कारण हे नाव जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीवरून पडले. इंचाला १४ आटे आणि आट्याचा कोन ५५ अंश. हा कोन इंग्लिश अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचवलेल्या आट्यांच्या प्रमाणित मापातला. अमेरिकन अर्ध्या इंची पाइपालाही इंचाला १४ आटेच, पण कोन ६० अंश आणि आटे निमुळते. म्हणून अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला मिक्सर इथे दोन-तीन फेरे बिनतक्रार बसतो, मग अडतो, आणि जोर केला की आटे जातात. अशा वेळी नळीच बदलावी किंवा योग्य जोड शोधावा. टेफ्लॉनचे (आट्यांवर गुंडाळायच्या पातळ टेपचे) जास्त वेढे हा त्यावरचा उपाय नव्हे. मिक्सरच्या बुडात जाणाऱ्या लवचीक नळ्यांचे वरचे टोक बहुधा १० मिमीच्या मेट्रिक आट्यांचे असते. खालचे, अँगल कॉकवर (बेसिनखाली भिंतीत बसवलेल्या, पाणी बंद-चालू करणाऱ्या छोट्या नळावर) बसणारे, अर्ध्या इंची. भारतीय मानक आयएस ८९३१ तांब्याच्या मिश्रधातूंच्या अशा मिश्र नळांना लागू आहे.

टेफ्लॉन टेप कुठे लावायचा हा कळीचा मुद्दा आहे. आट्यांवर आटे घट्ट बसून पाणी अडते तिथे, म्हणजे अँगल कॉक भिंतीत जातो त्या जोडाला, टेप हवा. वेढे आट्याच्या टोकाकडून पाहिले असता घड्याळाच्या दिशेने घ्यायचे. वायसर किंवा रबरी कडे पाणी अडवते तिथे टेप नको. बेसिनच्या नळ्यांची दोन्ही टोके या दुसऱ्या वर्गातली; तिथे टेप गुंडाळला की वायसर नीट टेकत नाही. पूर्वी सूत आणि सफेदा वापरत, तेव्हाही हा भेद होताच.

बदलण्याची रीत : गिझर बंद करावा. बेसिनखालचे दोन्ही अँगल कॉक बंद करून दांडी उचलावी. धार थांबली तर कॉक धरतात असे समजावे. धरत नसतील तर गच्चीच्या टाकीचा वॉल बंद करावा लागतो. कॉक धरत असतील तर त्यांना भिंतीतून हलवू नये. सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिक पाइपाच्या) लाइनमध्ये त्यांच्या मागे प्लास्टिकमध्ये बसवलेला पितळी एल्बो (काटकोनी जोड) असतो. जुना कॉक जोराने फिरवला की भिंतीच्या आत एल्बो चिरतो आणि तासाभराच्या कामासाठी टाइल फोडावी लागते.

खाली बादली ठेवून नळ्या कॉकवरून सोडवाव्यात. मिक्सर बेसिनला खालून एका लांब बोल्टने, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या पत्र्याने आणि नटाने धरलेला असतो. जागा अडचणीची, हात वर करून काम करायचे. खोल बॉक्स पाना जवळ असेल तर निम्मे कष्ट वाचतात. गंजलेल्या नटावर तेल सोडून थांबावे. बेसिन चिनी मातीचे असते, ठोकाठोकीने त्याला केसासारखी चीर जाते आणि ती पुढे वाढते. मिक्सर निघाल्यावर भोकाभोवतीचा क्षार आणि जुना सिमेंटचा लेप खरवडून काढावा. भोक साधारणतः ३५ मिमीचे असते. ते मोजूनच खरेदी करावी.

नव्या मिक्सरच्या बुडात नळ्या फक्त हाताने घट्ट कराव्यात, पाना लावू नये. तिथले रबरी कडे हाताच्या जोरावरच बसते. नळ्या एकेक करून भोकातून सोडाव्यात, बुडाखालची रबरी चकती जागेवर आहे हे पाहावे, मग खालून आधी रबर, नंतर पत्रा, शेवटी नट. नट पूर्ण आवळण्याआधी दांडी मधोमध आहे ना ते समोर उभे राहून पाहावे. गरम नळी डाव्या कॉकला. कॉकवरच्या या टोकाला मात्र हाताने घट्ट झाल्यावर पान्याने पाव ते अर्धा फेरा पुरे. नळीला कोपऱ्यात मुरड पडू देऊ नये. पाणी सोडण्याआधी तोंडाची जाळी काढून ठेवावी, म्हणजे लाइनमधली रेती तिच्यात अडकत नाही. मग प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरून पाहावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावा. बारीक पाझर पहिल्या तासात दिसतोच असे नाही.

दाब : दहा मीटर उंचीच्या पाण्याने सुमारे एक बार (दाबाचे एकक) दाब मिळतो. गच्चीवरची टाकी नळापासून तीन मीटर उंच असेल तर वरच्या मजल्याला मिळतो जेमतेम ०.३ बार. काही आयात मिक्सर ०.५ किंवा १ बारवर चालण्यासाठी बनवलेले असतात, आणि तिथे धार बारीक येते ती नळाच्या दोषामुळे नव्हे. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत शेवटच्या मजल्यावरच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा इथे असते. गरम आणि थंड पाणी एकाच टाकीतून येत असेल तर विसण नीट जमते. थंड लाइनला पंपाचा दाब आणि गरम लाइन टाकीवर, अशी जोडणी असेल तर मिक्सरमधून थंड पाणी उलट गरम लाइनमध्ये शिरते. त्यासाठी दोन्ही नळ्यांत एकदिशा झडप बसवतात. तरीही दाब जुळवणे हाच खरा इलाज.

निगा : बोअरच्या पाण्याने जाळीवर पांढरा क्षार धरतो. जाळी काढून लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये तासभर ठेवावी. मुलाम्यावर ॲसिड ओतू नये. जुन्या मिक्सरमधून जाळी, बोल्ट आणि नालेचा पत्रा काढून ठेवल्यास उपयोगी पडतात. उरलेले पितळ मोडीत वजनावर जाते.