उष्णतेच्या लाटेत कोण दगावते?

उष्णतेच्या लाटेत दगावलेल्या माणसाच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘उष्णता’ हे कारण क्वचितच आढळते. तिथे हृदयविकार, पक्षाघात किंवा मूत्रपिंड निकामी होणे अशीच नोंद असते. म्हणून त्या दिवसांत एरवी किती मृत्यू झाले असते आणि प्रत्यक्षात किती झाले, यांतील फरक संशोधक मोजतात. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात सुमारे ७०,००० अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज असाच निघाला.

पण यातून किती मेले एवढेच कळते, कोण मेले ते नाही. जुलै १९९५ मध्ये शिकागोत सातशेहून अधिक अतिरिक्त मृत्यू झाले, तेव्हा संशोधकांनी मृत व्यक्ती आणि तिच्याच परिसरातली, साधारण त्याच वयाची, वाचलेली व्यक्ती अशा जोड्या लावल्या. बाहेरचे तापमान दोघांनाही सारखेच होते, तेव्हा फरक अन्यत्र शोधणे भाग होते. एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले, घराबाहेर न पडणारे आणि इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणारे यांना धोका अधिक असल्याचे दिसले. घरात चालू एसी असणे आणि चार माणसांत ऊठबस असणे यांमुळे तो घटला होता.

२०२१ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उष्णतेने ६१९ जण दगावले, तेही बहुतेक सारे घरातच. त्यांत स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराच्या रुग्णांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या प्रमाणापेक्षा कितीतरी पट अधिक होते. या आजारावरची अनेक औषधे शरीराच्या तापमान-नियंत्रणात अडथळा आणतात, काहींमुळे घामही कमी येतो. शिवाय हे रुग्ण पुष्कळदा एकटे आणि अपुऱ्या उत्पन्नावर राहतात. यात गोळीचा वाटा किती आणि गरिबीचा किती, हे वेगळे काढण्यासाठी उत्पन्नाचा परिणाम आकडेमोडीत वजा करण्याची रीत आहे. माझ्या मते ती इथे जपून वापरावी, कारण त्या वजाबाकीत मृत्यूचे एक खरे कारणच गळून पडण्याचा संभव असतो.

नोंदींची अडचण त्याहून मोठी. जिथे मृत्यूंची नोंदच अपुरी आहे, तिथे अतिरिक्त मृत्यू कशाच्या तुलनेत मोजणार? जिथे ती होते, तिथेही मृताचा व्यवसाय किंवा घराचे छप्पर कशाचे होते हे बहुधा कळत नाही, आणि तापमान घेतले जाते ते बऱ्याचदा विमानतळावरच्या वेधशाळेचे. पत्र्याखालची खोली रात्री किती तापलेली राहते, हे जाणून घेण्यासाठी आता काही अभ्यासांत घराघरांत छोटी तापमानमापक यंत्रे बसवली जात आहेत.