पापा रेयेना : बटाटा अँडीजचा, तळण कुणाचं?

पेरू-बोलिव्हियाच्या रस्त्यांवर मिळणाऱ्या पापा रेयेनाला, म्हणजे सारण भरून तळलेल्या बटाट्याच्या गोळ्याला, सरसकट 'अँडीजचा पारंपरिक पदार्थ' म्हणतात. बटाटा तिथलाच, यात वाद नाही. तितिकाका सरोवराच्या परिसरात सात-आठ हजार वर्षांपूर्वी तो लागवडीखाली आला. पण तिथे तो उकडत, तापलेल्या ढेकळांत भाजत, नाहीतर थंडीत गोठवून, पायांनी तुडवून, वाळवून 'चून्यो' करून साठवत. भरपूर तेलाचं तळण सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर आलं. सारणातलं गोमांस, कांदा, जिरं, मनुका, ऑलिव्ह, उकडलेलं अंडंसुद्धा त्यांच्यामागूनच. सारणात मूळची तिथली ती फक्त आही मिरची.

नावही फसवं आहे. 'पापा' हा केचुआ या अँडीजमधल्या भाषेतला बटाटा. 'रेयेना' म्हणजे भरलेली. त्यावरून भरल्या वांग्यासारखा अख्खा बटाटा डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात तो उकडून, कुस्करून, सारणाभोवती पुन्हा बटाट्याच्याच आकारात वळतात. आपल्या उपासाच्या पॅटीसची रीत हीच. (आपला 'बटाटा' हा शब्द मात्र केचुआतला नाही. कॅरिबियन बेटांवर रताळ्याला 'बटाटा' म्हणत. तो शब्द पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आला.)

खरा वाद उगमाचा. सर्वांत लाडकी कथा अशी, की १८७९ साली सुरू झालेल्या पॅसिफिक युद्धात सैनिकांना वाटेत खाता यावं म्हणून मांस शिजवून बटाट्यात भरलं, तळलं आणि कापडात बांधून दिलं. ही कथा मला पटत नाही. 'काउसा' या बटाट्याच्याच दुसऱ्या पदार्थालाही हेच युद्ध चिकटवलेलं आहे. शिवाय पेरू आणि बोलिव्हिया ज्या चिलीविरुद्ध लढले, त्या चिलीतही पापा रेयेना तितक्याच आपुलकीने खातात. युद्धाच्या कितीतरी आधीपासून हे सगळं जिन्नस पेरूच्या राजधानीत, लिमाच्या बाजारात होतं. कुस्करलेल्या बटाट्याला सारण भरून तळायला रणांगण कशाला हवं? हे शहरातल्या चुलीवरचं खाणं आहे, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या टिकवलं ते कढईपाशी उभ्या राहिलेल्या बायकांनी. श्रेय मात्र सैनिकांच्या शिदोरीला मिळतं.

आता प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. पेरूत गोळा पिठात घोळवून तळतात आणि वर लिंबू पिळलेला उभा चिरलेला कांदा देतात. बोलिव्हियात सोबत लोकोतो मिरची आणि टोमॅटोची, दगडावर वाटलेली चटणी हवीच. कोलंबियात तर सारणात भातही घालतात.