सर्वदिशादर्शी चलच्चित्र : प्रेक्षकानुभव

प्रेक्षकाच्या चोहोबाजूंना एकाच वेळी दृश्य असते आणि त्यातले काय पाहायचे ते प्रेक्षक मान वळवून ठरवतो, अशा चलच्चित्राला सर्वदिशादर्शी किंवा ३६० अंशी चलच्चित्र म्हणतात. यूट्यूबवर २०१५ पासून अशा चित्रफिती पाहता येऊ लागल्या.

प्रेक्षकाला चित्राच्या मधोमध उभे करण्याची कल्पना चलच्चित्रापेक्षा जुनी आहे. एडिंबरोचे चित्रकार रॉबर्ट बार्कर यांनी वर्तुळाकार चित्रदर्शनाचे एकस्व (पेटंट) १७८७ मध्ये मिळवले आणि १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरजवळ त्यासाठी गोल इमारत उघडली. प्रेक्षकाला मधल्या चौथऱ्यावरच थांबवायचे आणि चित्राची वरची-खालची कड त्याच्या नजरेआड ठेवायची, ही त्यांची युक्ती होती. तेथील आरमाराचे चित्र पाहताना राणी शार्लट यांना बोट लागल्यासारखे झाले, असे सांगतात.

या तत्त्वावरचा पहिला चित्रपट कोणता, याबद्दल एकमत नाही. राऊल ग्रिम्वँ-साँसाँ यांनी १८९७ मध्ये एकस्व घेतलेल्या ‘सिनेओरामा’ला बहुधा हा मान दिला जातो. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात दहा प्रक्षेपकांनी वर्तुळाकार पडद्यावर बलूनचे उड्डाण दाखवायचे आणि प्रेक्षकांनी बलूनच्या पाळण्यासारख्या मंचावर उभे राहायचे, अशी योजना होती. प्रक्षेपकांच्या दिव्यांच्या उष्णतेमुळे काही दिवसांतच खेळ बंद करावे लागले, ही हकीकत अनेक ग्रंथांत आढळते. तिचा मुख्य आधार खुद्द ग्रिम्वँ-साँसाँ यांच्या उत्तरायुष्यातील आठवणी हा आहे. चित्रपट-इतिहासकार झाँ-झाक म्यूझी यांच्या मते मात्र प्रेक्षकांसमोर त्याचे खेळ झालेच नसावेत. हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यामुळे सिनेओरामाच्या प्रेक्षकांना काय वाटले, याची जी रसभरित वर्णने केली जातात ती जपूनच घ्यावीत.

डिस्नेलँडमध्ये १९५५ साली सुरू झालेल्या ‘सर्कारामा’त अकरा पडदे होते; १९६७ पासूनच्या सुधारित पद्धतीत नऊ. प्रत्येक प्रक्षेपक दोन पडद्यांमधील फटीत बसवून समोरच्या पडद्यावर चित्र पाडायचे असल्याने पडद्यांची संख्या विषम ठेवावी लागते. प्रेक्षक उभे राहून पाहत. कॅमेरा कलला की प्रेक्षकही कलतात, म्हणून पुढे अशा दालनांत टेकायला कठडे आले.

आज अशी चलच्चित्रे डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटमधून पाहतात. हेडसेटमध्ये चित्राची कड बहुतांशी नजरेआड राहते, पण चित्र अस्पष्ट वाटते. याचे कारण गणिती आहे. ३,८४० बिंदू (पिक्सेल) रुंदीचे, म्हणजे ‘फोर-के’ चित्र ३६० अंशांवर पसरले की एका अंशाच्या वाट्याला जेमतेम ११ बिंदू येतात. निरोगी डोळा सुमारे ६० बिंदूंपर्यंतचा तपशील टिपू शकतो. ‘फोर-के’ म्हणून पाहायला घेतलेली चित्रफीत धूसर दिसते ती यामुळे. शिवाय कॅमेरा एकाच बिंदूवरून चित्रण करत असल्याने मान वळवली तर दृश्य वळते, पण वाकले किंवा पुढे सरकले तरी जवळच्या वस्तू दूरच्या वस्तूंच्या तुलनेत जागा बदलत नाहीत. प्रेक्षक पाहू शकतो, वावरू शकत नाही. कॅमेऱ्याची उंची हीच त्याला स्वतःची उंची वाटते. कॅमेरा जमिनीलगत ठेवला तर आपण खुजे झालो आहोत असा भास होतो.

गरगरण्याबाबत दोन उपपत्ती आहेत. रीझन व ब्रँड (१९७५) यांच्या मते डोळ्यांना जाणवणारी गती आणि अंतर्कर्णातील संतुलनेंद्रियाची साक्ष यांत विसंगती आल्याने मळमळते. रिचिओ व स्टॉफ्रेगेन (१९९१) हे शरीराचा तोल सावरता न येण्याला महत्त्व देतात. कॅमेरा स्थिर असताना त्रास कमी आणि प्रेक्षक बसलेला असूनही कॅमेरा धावू लागला की जास्त, या सर्वसाधारण अनुभवाची संगती पहिल्या उपपत्तीने सहज लागते. प्रक्षेपकांच्या दालनात शेजारचा प्रेक्षक आणि पायाखालची फरशी दिसत राहते. हेडसेटमध्ये हा आधार नसतो.

लक्ष वेधण्यासाठी दिग्दर्शक मुख्यतः आवाजाचा उपयोग करतात. मागून हाक आली की प्रेक्षक वळतो. मात्र मान वळली तरी आवाजाची मूळ दिशा कायम राहावी लागते, आणि त्यासाठी दिशासापेक्ष ध्वनिमुद्रण आवश्यक असते.