गुलमोहराचा कोळसा, कुंडीतला पालक

मे सरत आला की मुंबईत करवतींची घरघर सुरू होते. पावसात फांद्या गाड्यांवर कोसळू नयेत म्हणून गुलमोहर, सोनमोहोर, पर्जन्यवृक्ष यांची छाटणी निघते आणि फुटपाथवर ढीग लागतात. त्यातली मनगटाएवढी एक फांदी मी उचलून आणली. वाळवली, तुकडे केले, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरले, झाकणाला खिळ्याने भोक पाडलं आणि गावी गेल्यावर डबा चुलीत ठेवला. आधी पांढरी वाफ आली, मग पिवळट धूर, आणि मग भोकातून ज्योतच उभी राहिली. लाकडातून सुटलेला वायू पेटला होता. डबा गार झाल्यावर उघडला, तर आत सालीच्या रेघांसकट अख्खी फांदी, फक्त काळी. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की काचेसारखे किणकिणत.

हाच बायोचार. साधारण 350 ते 700 अंश सेल्सिअसला, हवा जवळजवळ बंद ठेवून लाकूड तापवलं की वायू आणि डांबर निघून जातं आणि उरलेला कार्बन षट्कोनी कड्यांच्या जाळीत बसतो. ही जाळी जिवाणूंना सहजी फोडता येत नाही. फांदी कुजली तर तिचा कार्बन काही वर्षांत हवेत परत जातो. बायोचारमधला बराचसा शेकडो वर्षं मातीत राहतो. अॅमेझॉनच्या खोऱ्यातली ‘टेरा प्रेटा’ ही माणसाने कोळसा मिसळून घडवलेली काळी माती आजही सुपीक आहे.

100 किलो सुक्या लाकडात सुमारे 50 किलो कार्बन असतो. भट्टी नीट लागली तर 25 किलोच्या आसपास कोळसा, त्यात 20 किलो कार्बन. हवेत जाताना त्याला जोडला गेला असता तो ऑक्सिजन धरला, तर म्हणजे 73 किलो कार्बन डायऑक्साइड अडवला. निम्म्याहून जास्त कार्बन उडूनच गेला, हेही त्याच हिशेबात आलं.

आपल्याकडे ठाणे-पालघर-रायगडात भाताच्या रोपवाटिकेवर राब भाजतात. फांद्या, पाला, शेण उघड्यावर जळतं, तण मरतं, राख मिळते. कार्बन मात्र हवेत. पश्चिम अमेरिकेतल्या जंगलांत दुखणं वेगळं आहे. तिथे शतकभर वणवे विझवत राहिल्याने झाडी दाटली. आता वणव्याच्या भीतीने विरळणी करतात आणि विकता न येणाऱ्या बारीक लाकडाचे ढीग जागेवरच पेटवून देतात. तिथेच फिरती भट्टी नेली तर डिझेल जाळून ओलं लाकूड वाहावं लागत नाही. पण भट्टीचं पोट भरायला म्हणून झाड तोडलं, की सगळं मुसळ केरात.

मातीत बायोचार काय करतो? लाकडाच्या बारीक नळ्या तशाच राहतात, त्यात पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवली जातात. तो बहुधा अल्कधर्मी असतो, म्हणून कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला मानवतो. आधीच चुनखडीच्या जमिनीत घालण्यात फारसं शहाणपण नाही.

मी मात्र घाई केली. कोळसा कुटून थेट गच्चीवरच्या कुंडीत घातला आणि पालक पिवळा पडला. ताजा कोळसा भुकेला असतो, मातीतलं नत्र आधी स्वतःच धरून बसतो. आता उरलेला चुरा कंपोस्टात कालवून, ओलसर ठेवून गोणीत मुरायला घातलाय, लोणच्यासारखा. महिनाभर तरी गोणीचं तोंड उघडायचं नाही.