कंपायलर-सुसंगतता

कंपायलर म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारे साधन. त्याच्या एका आवृत्तीवर लिहिलेले व तपासलेले पॅकेज (सॉफ्टवेअरचा कोड) नव्या आवृत्तीवरही बिनतक्रार बिल्ड होणे, म्हणजे तयार होणे, ही कंपायलर-सुसंगतता. ऑपरेटिंग सिस्टिम किंवा एक्सकोडसारखी (ॲपलची) प्रोग्रामिंग साधने अपग्रेड केली की कंपायलरही बदलतो आणि कोडला हात न लावता कालचे पॅकेज आज अडते.

मुख्य कारण, पूर्वी खपून जाणारे आता खपत नाही. आधी जाहीर न केलेले फंक्शन वापरण्याची मुभा सी भाषेच्या 1999 च्या मानकाने काढून घेतली, तरी जीसीसी हा कंपायलर वर्षानुवर्षे नुसती वॉर्निंग देत राहिला. क्लँग या दुसऱ्या कंपायलरच्या आवृत्ती 16 (2023) आणि जीसीसी 14 (2024) पासून तीच एरर झाली. जीसीसी 10 (2020) पासून, हेडरमध्ये (अनेक फाइलींत घेतल्या जाणाऱ्या सामाईक फाइलमध्ये) 'एक्स्टर्न' (खरी व्याख्या दुसरीकडे आहे असे सांगणारा शब्द) न लिहिता ठेवलेले ग्लोबल व्हेरिएबल लिंकिंगला, म्हणजे तुकडे जोडून एक प्रोग्राम करताना, अडते. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थ्याने उबंटू 20.04 वर (जीसीसी 9) केलेला असा प्रकल्प 22.04 वर (जीसीसी 11) नेला, की 'मल्टिपल डेफिनिशन'च्या ओळींनी टर्मिनल भरते. कंपायलरला 'एफकॉमन' फ्लॅग (जुने वागणे परत आणणारा पर्याय) दिला की काम निघते. खरी दुरुस्ती हेडरमध्येच करावी लागते.

एरर दिसते तोवर बरे. खरा धोका बिल्डआधी चालणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये असतो. एखादी सोय सिस्टिमवर आहे का, हे ती छोटे प्रोग्राम कंपाइल करून पाहते. त्यातला एखादा प्रोग्राम जुन्या वळणाचा असतो: 'मेन()'च्या आधी 'इंट' नाही, 'एक्झिट' वापरले पण त्याचे हेडर घेतलेले नाही. नवा कंपायलर तो प्रोग्राम नाकारतो आणि स्क्रिप्ट समजते की सोयच नाही. बिल्ड मग सुरळीत पार पडते, पॅकेज मात्र ती सोय गमावून बसते. म्हणून अपग्रेडनंतर आधीची आणि आताची 'कॉन्फिग डॉट लॉग' फाइल (त्या स्क्रिप्टच्या तपासणीची नोंद) शेजारी ठेवून प्रत्येक 'नो' पडताळावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नये.

सी++ मध्ये जीसीसी 5 (2015) ने 'स्ट्रिंग'ची अंतर्गत रचना बदलली. त्यामुळे जुन्या रचनेच्या लायब्ररी नव्या कोडशी लिंक होईनात. त्या पुन्हा बिल्ड कराव्या लागल्या.

तातडी असेल तर जुना कंपायलर शेजारी इन्स्टॉल करून 'सीसी' व्हेरिएबलमध्ये त्याचे नाव द्यावे. कॉन्फिगर जुन्या ऑटोकॉन्फने (अशी स्क्रिप्ट बनवणाऱ्या साधनाने) बनलेले असेल, तर 'ऑटोरीकॉन्फ' चालवून ते नव्याने तयार करावे, आणि केलेली दुरुस्ती पॅच (बदलांची फाइल) म्हणून मूळ प्रकल्पाकडे पाठवावी.