शाईचा ठिपका आणि बेसबॉलची बॅट

अमेरिकेच्या मेजर लीग या अव्वल बेसबॉल स्पर्धेतली मेपलच्या लाकडाची बॅट जवळून पाहा. मुठीच्या टोकापासून साधारण फूटभर वर शाईचा एक ठिपका असतो. लाकडाच्या सूक्ष्म नळ्यांतून शाई झिरपते आणि ठिपक्याला शेपूट फुटतं. ते शेपूट बॅटच्या लांबीशी ३ अंशांहून जास्त तिरकं गेलं, की बॅट बाद!

ॲश या दुसऱ्या झाडाच्या लाकडाच्या बॅटीला हे लागत नाही. तिच्या ठळक रेषा नुसत्या डोळ्यांना दिसतात. मेपलची छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी विखुरलेली, त्यामुळे तंतू कुठे निघालेत ते कळत नाही. नव्वदच्या दशकात कॅनडातल्या ओटावाचे सुतार सॅम हॉलमन यांनी मेपलची बॅट रुळवली. २००१ मध्ये बॅरी बाँड्स या फलंदाजाने तशाच बॅटने ७३ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) ठोकले, मग काय, सगळ्यांनाच मेपल हवं!

ॲशची बॅट मोडण्याआधी बहुधा सोलपटते, चिरते. मेपलची अचानक दुभंगते आणि टोकदार तुकडा भाल्यासारखा सुटतो. २००८ च्या मोसमात मोडलेल्या २,२३२ बॅटी गोळा करून अमेरिकी वनसेवेच्या मॅडिसन इथल्या प्रयोगशाळेसह तज्ज्ञांनी तपासल्या. मेपलच्या बॅटीचे तुकडे होण्याची शक्यता ॲशच्या तिप्पट निघाली, पण मुख्य दोषी ठरले तिरके तंतू. तंतू सरळ असतील तर चीर लांबीच्या दिशेने धावते. तिरके असतील तर तीच चीर दांडा आरपार छेदते.

यातूनच ठिपक्याचा नियम आला आणि खरी पंचाईत झाली कारागिरांची. करवतीला तंतूंशी देणंघेणं नसतं, ती सरळ कापत जाते. ओंडका पाचर ठोकून फोडला तर तो तंतूंच्या कलाने फुटतो, पण त्यात लाकूड जास्त वाया जातं. शिवाय मेपलवरचा शिक्का पाव फेरा फिरवावा लागला, कारण खेळाडू शिक्का पाहूनच बॅट धरतो आणि चेंडू कुठल्या अंगावर बसणार हे त्यावर ठरतं. वर लीगची फी आणि विम्याचा भार. मोठ्या कारखान्यांना हे झेपतं. दोन-चार माणसांच्या वर्कशॉपला मात्र जड जातं. नियम मला तरीही योग्यच वाटतो. २०१० मध्ये मैदानात धावत असलेल्या टायलर कॉल्विन या खेळाडूच्या छातीत मेपलचा तुकडा घुसला होता. पुढे हलक्या मेपलवरही बंधनं आली आणि काही वर्षांत बॅटीचे तुकडे होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

ॲशकडे परतावं, तर २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेला एक हिरवा भुंगा ती झाडंच पोखरत सुटला आहे.