एसएमपीएस घेताना आधी लोड सांगा

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आमच्या दुकानात एसएमपीएसची, म्हणजे वीज झपाट्यानं चालू-बंद करून हवा तो डीसी व्होल्टेज देणाऱ्या पॉवर सप्लायची, रोज विचारणा होते, "१२ व्होल्ट १० अँपिअरचा सप्लाय आहे का?" आहे. पण त्यावर काय चालवणार, म्हणजे लोड काय, हे आधी सांगा. एलईडी पट्टी, मोटर आणि अँप्लिफायर यांना एकच सर्किट मानवत नाही.

सर्वांत आधी आयसोलेशन, म्हणजे मध्ये ट्रान्सफॉर्मर घालून आउटपुट मेन्सपासून (भिंतीतल्या विजेपासून) वेगळं ठेवणं. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय केला, म्हणजे डीसीत बदलला, की सुमारे ३२५ व्होल्ट डीसी मिळतो. नुसतं बक सर्किट (ट्रान्सफॉर्मरशिवाय व्होल्टेज कमी करणारं) तो खाली उतरवतं, पण मेन्सपासून तोडत नाही. बंद प्लॅस्टिकच्या बल्बात ते चालून जातं. गेल्या पावसाळ्यात एका दुकानदारानं दुकानाच्या पाटीचा अ‍ॅल्युमिनियम चौकटीचा दिव्यांचा बोर्ड आणला, ओल्या हाताला झिणझिण्या येतात म्हणून. उघडला तर आत ट्रान्सफॉर्मरच नाही! हात लागेल अशा कुठल्याही वस्तूसाठी असा सप्लाय आम्ही देत नाही, कितीही स्वस्त पडला तरी.

साधारण १०० वॅटपर्यंत फ्लायबॅक घ्या, म्हणजे ऊर्जा आधी ट्रान्सफॉर्मरमध्ये साठवून मग पुढे देणारा सप्लाय. सुटे भाग कमी, किंमत कमी, व्होल्टेज वरखाली झालं तरी सांभाळून घेतो. त्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या फेराइट कोअरमध्ये (आतल्या चुंबकीय गाभ्यात) पोस्टकार्डाच्या जाडीची फट असते. ऊर्जा मुख्यतः त्या फटीतच साठते. दुरुस्तीत कुणी बिनफटीचा कोअर बसवला, तर तो सॅच्युरेट होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व पेलू शकत नाही, आणि मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) उडतो. अशी जळालेली सर्किट बोर्डं आमच्याकडे नेहमी येतात, म्हणून कोअर बदलायचा तर मूळ फट मोजूनच बदला.

वॅट वाढले की फ्लायबॅकमधल्या करंटचे झटके मोठे होतात, कपॅसिटर तापतात. मग दोन मॉस्फेटचा फॉरवर्ड बरा, म्हणजे ऊर्जा साठवून न ठेवता लगेच पुढे देणारा प्रकार. आउटपुटला चोक (तारेचं वेटोळं) असल्यामुळे करंट सपाट मिळतो, शिवाय मॉस्फेटवर इनपुटपेक्षा फारसा जास्त व्होल्टेज येत नाही. मोटरसाठी आम्ही हाच सुचवतो, तोही सुरू होतानाचा करंट धरून. एलएलसी (रेझोनन्सवर चालणारा प्रकार) कमी तापतो, पण त्याला इनपुट स्थिर लागतो, म्हणून आधी पीएफसी (मेन्समधून करंट सुरळीत घेऊन स्थिर व्होल्टेज देणारं सर्किट) जोडावा लागतो. मोठ्या अँप्लिफायरसाठी तो खर्च वसूल होतो.

कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारेच मागा. तापमान १० अंशांनी उतरलं की त्यांचं आयुष्य जवळपास दुप्पट होतं, आणि मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. दुकान समुद्राजवळ असेल तर सप्लायच्या सर्किट बोर्डाला खाऱ्या, दमट हवेपासून वाचवणारं कोटिंग करून घ्या.

येताना जुना सप्लाय जरूर आणा, पण घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपर्यंत चार्ज उरलेला असू शकतो.